कुतुबा की फुतुबा: योरॉन बेटाच्या बोलीचं प्रकरण

दोन तारखांपासून सुरू करतो. जपानच्या ओकिनावा प्रांतात १८ सप्टेंबर हा 'शिमाकुतुबा'चा दिवस आहे, म्हणजे आपल्या गावच्या, आपल्या बेटाच्या बोलीचा दिवस, २००६ साली तसा ठरावच झाला. आणि उत्तरेला लागूनच असलेल्या आमामी बेटांवर बोलीचा दिवस पाळतात १८ फेब्रुवारीला, २००७ पासून. शेजारीशेजारी बेटं, कारण एकच, मग तारखा वेगळ्या का? तर जपानीत आकड्यांच्या उच्चारावरून शब्द जुळवायची सवय आहे. ९ म्हणजे 'कु', १० म्हणजे 'तु', ८ म्हणजे 'बा', झालं कु-तु-बा, ९व्या महिन्याची १८ तारीख. आमामीच्या बाजूला २ म्हणजे 'फु', पुढे तेच 'तु' आणि 'बा', म्हणून फु-तु-बा, २ऱ्या महिन्याची १८. शब्द एकच, जपानी 'कोतोबा', अर्थ बोली किंवा भाषा. एकीकडे सुरुवातीचा 'क' टिकला, दुसरीकडे तो घासून 'ह' झाला आणि 'उ'च्या आधी आल्यामुळे 'फ'सारखा ऐकू येतो. म्हणजे भाषाशास्त्रात जिला ध्वनिबदलाची सीमारेषा म्हणतात ती इथे चक्क कॅलेंडरवर छापलेली आहे, मला तर हे कळल्यावर इतका आनंद झाला की तिथून हे पूर्ण प्रकरण खोदत बसलो.

आता ज्या बेटाचं हे प्रकरण आहे ते योरॉन. तिथली माणसं त्याला 'युन्नु' म्हणतात आणि आपल्या बोलीला 'युन्नु फुतुबा'. सपाट प्रवाळी बेट, साधारण २० चौरस किलोमीटर, वस्ती ५ हजारांच्या आसपास. दक्षिणेला ओकिनावा बेटाचं हेदो टोक जेमतेम २२-२३ किलोमीटरवर, हवा स्वच्छ असली की डोळ्यांनी दिसतं. उत्तरेला ओकिनोएराबू बेट त्याहून जरा लांब. पण सरकारी कागदावर योरॉन ओकिनावा प्रांतात नाहीच, ते कागोशिमा प्रांतात आहे, आणि कागोशिमा शहर तिथून ५०० किलोमीटरपेक्षा जास्त दूर.

प्रश्न असा: योरॉनची बोली कोणाची? आमामीची, ओकिनावाची, की तिसऱ्याच कोणाची? आणि ती बोली आहे की स्वतंत्र भाषा? या एका प्रश्नाची किमान तीन वेगळी उत्तरं छापील आहेत आणि तिन्ही जाणकार लोकांनी दिलेली आहेत.

आधी घराणं बघू, नाहीतर पुढचं कळणार नाही. जपानी आणि रियुक्यू (आमामीपासून पार योनागुनीपर्यंतच्या बेटांच्या बोलींचं एकत्र नाव) मिळून एक कुटुंब धरतात. रियुक्यूच्या दोन मोठ्या फांद्या, उत्तर आणि दक्षिण. उत्तरेत आमामी आणि ओकिनावा बेटं, दक्षिणेत मियाको, याएयामा आणि तैवानच्या तोंडाशी असलेलं योनागुनी. या दोन फांद्यांमधली रेघ जवळजवळ सगळ्यांना मान्य आहे, त्यावर कोणी फार भांडत नाही, कारण ओकिनावा आणि मियाको यांच्यामध्ये जवळपास ३०० किलोमीटर उघडा समुद्र आहे आणि भाषेतही तसाच स्वच्छ खड्डा पडलेला दिसतो. उदाहरणार्थ पोटाला ओकिनावात 'वाता' म्हणतात, मियाकोत 'बाता'. दक्षिणेकडे जुन्या 'व'चा 'ब' झाला, उत्तरेकडे नाही झाला. योनागुनीने आणखी पुढे जाऊन 'य'चा 'द' केला, त्यामुळे जपानीतला डोंगर 'यामा' तिथे 'दामा' होतो. आणि हाच 'वाता' शब्द अजून एक गोष्ट सांगून जातो, जपानीत तो आतड्यांना, पोटातल्या अवयवांना वापरतात, पोटाला 'हारा' म्हणतात, पण सगळ्या रियुक्यू बेटांवर त्याचा अर्थ सरळ 'पोट' असा झालाय. अर्थाचा असा बदल सगळीकडे सापडतो तेव्हा वाटतं की ही मंडळी कधीतरी एका घरात राहून मग पांगलीत.

बरं, ही जपानीची बिघडलेली रूपं नाहीत कशावरून, हा प्रश्न जपानमध्ये शंभरेक वर्षं तरी घोळतोय. त्याचं मला सगळ्यात पटलेलं उत्तर दोन साध्या शब्दांत आहे. जपानीत झाडाला 'की' म्हणतात आणि यकृताला 'किमो'. आज दोन्हीतला 'कि' एकच आहे, पण आठव्या शतकातल्या जपानी लिखाणात या दोन 'कि'साठी वेगवेगळी चिन्हं वापरलेली दिसतात, म्हणजे तेव्हा उच्चार वेगळे होते, नंतर जपानीत ते एकमेकांत मिसळले. ओकिनावात शुरीच्या, म्हणजे जुन्या रियुक्यू राज्याच्या राजधानीच्या, बोलीत मात्र झाड 'की' आणि यकृत 'चिमु' (हाच शब्द तिथे मन, अंतःकरण याही अर्थाने चालतो). एक 'क' राहिला, एकाचा 'च' झाला. दोन उच्चार आधी मिसळून गेले असते तर नंतर त्यांना परत बरोबर निवडून वेगळं करणं शक्य नव्हतं, तांदूळ आणि कणी एकत्र दळल्यावर कोण वेगळं करणार. म्हणजे रियुक्यूची वाट त्या मिसळण्याच्या आधीच फुटली होती. बॅसिल हॉल चेंबरलेन यांनी १८९५ साली शुरीच्या भाषेचं व्याकरण लिहिलं तेव्हाच ती जपानीची बहीण आहे असं सांगितलं होतं आणि स्पॅनिश-फ्रेंचसारखं नातं डोळ्यापुढे ठेवलं होतं. (त्यांचे आजोबा कॅप्टन बॅसिल हॉल १८१६ मध्ये जहाज घेऊन याच बेटांवर गेले होते.) नंतर १९५०च्या दशकात जपानी भाषाशास्त्रज्ञ हात्तोरी शिरो यांनी मूळ शब्दांची यादी घेऊन क्योतो आणि शुरीची तुलना केली आणि साधारण १,४५० ते १,७०० वर्षांपूर्वी वाटा फुटल्या असाव्यात असा हिशोब मांडला. त्या पद्धतीत शब्द ठरावीक वेगाने बदलतात असं गृहीत धरतात आणि ते आता फारसं कोणी मानत नाही, पण अंतर शतकांमध्ये मोजायचं आहे हे तरी त्याने पक्कं केलं.

तरीही जपानमधल्या अभ्यासात बराच काळ शब्द होता 'होगेन', म्हणजे बोली. तोजो मिसाओ यांनी १९२०च्या दशकात जपानी बोलींचे विभाग पाडले तेव्हा सगळ्यात वरची फूट मुख्य भूमीच्या बोली आणि दक्षिणेच्या बेटांच्या बोली अशीच केली, म्हणजे फरक किती मोठा आहे हे त्यांना नीट दिसत होतं, पण डब्यावर लेबल मात्र जपानी भाषेचंच राहिलं. आणि लेबल हा फक्त अभ्यासकांचा विषय नसतो. शाळेत घरची बोली बोलली म्हणून मुलांच्या गळ्यात लाकडी पाटी अडकवायचे, 'होगेन फुदा', बोलीची पाटी, ज्याच्या गळ्यात आहे त्याने दुसऱ्या बोलणाऱ्याला पकडून ती त्याच्या गळ्यात घालायची. १९४५ मध्ये ओकिनावाच्या लढाईत जपानी सैन्याने आदेश काढला होता की ओकिनावाची भाषा बोलणाऱ्याला हेर समजून शिक्षा करू. ज्या बोलण्याला बोली म्हणून जपानीच्या पोटात घातलं, तेच बोललं तर हेर ठरवायचं, हे वाचताना माझं डोकं फिरलं होतं. असो. २००९ मध्ये युनेस्कोने धोक्यातल्या भाषांचा नकाशा काढला त्यात जपानमधल्या आठ भाषा होत्या: आयनू, हाचिजो आणि रियुक्यूच्या सहा, म्हणजे आमामी, कुनिगामी, ओकिनावा, मियाको, याएयामा, योनागुनी. तिथून 'भाषा' हा शब्द सार्वजनिक झाला. जपानचं सांस्कृतिक खातं आजही 'भाषा-बोली' असे दोन्ही शब्द जोडून लिहितं, वादात पडायला नको म्हणून.

आता परत योरॉनकडे.

उत्तर क्रमांक एक, जुनं आणि सरळ: योरॉन आमामीत. पाच मुख्य बेटं, किकाई, आमामी ओशिमा, तोकुनोशिमा, ओकिनोएराबू, योरॉन, ही सगळी आमामी बेटं, तर बोलीसुद्धा आमामी. उत्तर दोन, युनेस्कोचं: ओकिनोएराबू आणि योरॉन आमामीतून काढून ओकिनावा बेटाच्या उत्तर भागाला जोडायची आणि त्या सगळ्याला 'कुनिगामी' म्हणायचं. कुनिगामी म्हणजे ओकिनावाचा डोंगराळ जंगलाचा उत्तर भाग, बोलीभाषेत 'यानबारू'. उत्तर तीन, एथ्नोलॉगचं, म्हणजे जगातल्या भाषांची जी मोठी सूची आहे तिचं: प्रत्येकाला वेगळी भाषा धरायची. त्यांच्याकडे रियुक्यूच्या ११ भाषांना वेगळे कोड आहेत, त्यात ओशिमाच्याच उत्तर आणि दक्षिण अशा दोन, ओकिनोएराबू वेगळी, योरॉन वेगळी, कुनिगामी वेगळी. सहा आणि अकरा यातला पाचचा फरक पूर्णच्या पूर्ण उत्तरेकडच्या या पट्ट्यात आहे, दक्षिणेकडे दोन्ही याद्या तीनच भाषा मोजतात. मी दोन्ही याद्या शेजारी ठेवून बघितल्या तेव्हा हे लक्षात आलं आणि मग वाटलं की खरी मेख योरॉनच्या आसपासच आहे.

पहिलं उत्तर कुठून आलं ते बघायला इतिहास लागतो. चौदाव्या शतकात ओकिनावात तीन छोटी राज्यं होती, उत्तरेचं होकुझान, त्याची राजधानी नाकिजिन, आणि ओकिनोएराबू-योरॉन याच उत्तरेच्या राज्याच्या छायेत होती. १४१६ मध्ये दुसऱ्या एका राज्याच्या शो हाशीने होकुझान जिंकलं, १४२९ पर्यंत एक रियुक्यू राज्य झालं. मग १६०९ मध्ये कागोशिमाच्या सात्सुमा सरदारांनी स्वारी केली आणि योरॉनपर्यंतची सगळी उत्तरेकडची बेटं तोडून आपल्या ताब्यात घेतली. 'आमामी बेटं' नावाचा जो गट आपण नकाशात बघतो त्याची दक्षिणेकडची कड तिथे ठरली, भाषेने नाही, तलवारीने. १८७९ मध्ये उरलेल्या राज्याचा ओकिनावा प्रांत झाला, कड तीच राहिली. दुसऱ्या महायुद्धानंतर दोन्हीकडे अमेरिकी अंमल होता, २५ डिसेंबर १९५३ ला आमामी जपानकडे परत आलं आणि ओकिनावा आलं १९७२ मध्ये. मधली अठराहून जास्त वर्षं योरॉन आणि हेदो यांच्यातल्या पाण्यावर, २७ व्या अक्षांशावर, चक्क देशाची हद्द होती. ओकिनावा परत मिळावं म्हणून लोक दोन्ही किनाऱ्यांवर शेकोट्या पेटवायचे आणि बोटी घेऊन त्या रेघेवर समुद्रात भेटायचे. इकडची शेकोटी तिकडे दिसते एवढ्या अंतरावरच्या दोन गावांना केवळ १६०९ च्या एका रेघेवरून वेगळ्या भाषांच्या खात्यात टाकायचं, हे भाषाशास्त्र म्हणून मला अजिबात पटत नाही.

म्हणून दुसरं उत्तर पहिल्यांदा वाचलं की एकदम बरोबर वाटतं. पुरावेही आहेत. ओशिमा आणि तोकुनोशिमाच्या बोलींत जुन्या 'ए'चा जिभेच्या मध्यावरून निघणारा एक वेगळाच स्वर झालाय, तो मराठीत लिहून दाखवता येत नाही, 'इ' आणि 'उ'च्या मधला काहीतरी. योरॉनमध्ये आणि ओकिनावात तो नाही, तिथे जुना 'ए' सरळ 'इ'मध्ये मिसळला. शब्दाच्या सुरुवातीचा 'प' बघा. फुलाला जपानीत आणि शुरीत 'हाना', पण योरॉनमध्ये 'पाना'. १९८३ पासून हे बेट पर्यटकांसाठी स्वतःला 'पानाउरू राज्य' म्हणवतं, पाना म्हणजे फूल, उरू म्हणजे प्रवाळ. आणि हाच 'प' यानबारूत, नाकिजिनकडेही ऐकू येतो. तिसरा पुरावा आपला सुरुवातीचा, 'क'चा 'ह', तोही नाकिजिनच्या बोलीत ठरावीक स्वरांपुढे दिसतो. नाकिजिनच्या बोलीचा मोठा कोश नाकासोने सेइझेन यांनी १९८३ मध्ये काढला, ते स्वतः नाकिजिनचे, लढाईत हिमेयुरीच्या, म्हणजे जखमींच्या सेवेला लावलेल्या शाळकरी मुलींच्या, तुकडीबरोबर असलेले शिक्षक आणि त्यातून वाचलेले. ज्या माणसाने एवढं बघितलं त्याने पुढची कित्येक वर्षं आपल्या गावचे शब्द गोळा करण्यात घालवली, याबद्दल माझ्या मनात फार आदर आहे.

तर तीन पुरावे, मग वाद कशाला? इथेच वर्गीकरणाचा खरा नियम येतो आणि तो नीट समजून घेतला नाही तर माणूस फसतो. वंशावळ मांडताना सारखेपणा मोजत नाहीत, एकत्र केलेले *नवे* बदल मोजतात. जुनं जपलेलं मोजायचं नाही. पणजीचा पितळी डबा दोन चुलत घरांत अजून आहे म्हणून ती दोन घरं सख्खी होत नाहीत, बाकीच्यांनी मोडीत काढला एवढंच. 'प' हा तसा डबा आहे, सगळ्या जपानी-रियुक्यू कुटुंबाचा मूळ उच्चार 'प'च होता, नंतर बऱ्याच ठिकाणी 'फ' आणि मग 'ह' झाला. तो 'प' मियाको-याएयामातही शाबूत आहे. 'प'वरून गट पाडायचा ठरवलं तर योरॉन याएयामातल्या इशिगाकी बेटाच्या शेजारी जाऊन बसेल आणि ते कोणीच मान्य करणार नाही. म्हणजे सगळ्यात गोड पुरावा पहिल्याच फेरीत बाद.

स्वर मिसळणं हा नवा बदल आहे खरा, पण फार सहज होणारा. 'ए' वर सरकून 'इ' होणं आणि 'ओ'चा 'उ' होणं बेटाबेटांवर आपापलं घडू शकतं, योनागुनीत तर शेवटी तीनच स्वर उरले, आ, इ, उ, आणि तिथे ओकिनावाशी वेगळं सख्य असण्याचा प्रश्न नाही. 'क'चा 'ह' त्यातल्या त्यात वजनदार, पण तोही जगभर घडणारा, आणि मुख्य म्हणजे असा बदल बोटीत बसून प्रवास करू शकतो. योरॉन सपाट, लाकूडफाटा कमी, समोर यानबारूचं घनदाट जंगल, साहजिकच दोन्हीकडची माणसं शतकानुशतकं येऊन-जाऊन होती. रोज भेटणाऱ्या माणसांचे उच्चार एकमेकांना लागतात, त्यासाठी एका आईची लेकरं असावं लागत नाही.

मला हे समजायला आपल्याकडचं मालवणी उपयोगी पडलं. सिंधुदुर्गातला मालवणी माणूस महाराष्ट्रात मोडतो, शाळा मराठीतून, आणि गोव्याच्या पेडण्यात गेला तर बोलणं सहज जुळतं. ग्रिअर्सनच्या भारतीय भाषांच्या पाहणीच्या १९०५ च्या खंडात कोकणीच मराठीच्या खात्यात टाकली होती, पुढे १९७५ मध्ये साहित्य अकादमीने तिला स्वतंत्र मानलं, १९९२ मध्ये ती आठव्या अनुसूचीत आली. त्या ८७ वर्षांत पेडणे आणि सावंतवाडीतलं बोलण्याचं अंतर काही तेवढं बदललं नव्हतं. उत्तरं बदलली कारण प्रश्न बदलले.

योरॉनच्या बाबतीतही तीन उत्तरं म्हणजे तीन वेगळे प्रश्न आहेत असं माझं मत झालंय. वंश कोणाचा हा एक. कोणाला कोणाचं कळतं हा दुसरा, आणि एथ्नोलॉगची ११ ची यादी बहुतेक त्या अंगाने जाते, एका बेटाचं बोलणं दुसऱ्याला सरळ कळत नसेल तर वेगळी भाषा धरा. आणि नावं काय द्यायची, कुठली बोली कुठल्या मदतीच्या खात्यात बसवायची हा तिसरा, युनेस्कोचा. कळण्याच्या प्रश्नाला इथे अजून एक अडचण आहे, आता बोलणारे बहुतेक म्हातारे आहेत आणि एकमेकांशी अडलं की सगळेच जपानीत जातात, त्यामुळे किती कळतं हे तपासणंच अवघड झालंय. साधं आभार मानणं घ्या. शुरी-नाहाकडे 'निफे देबिरू', ओकिनोएराबूत 'मिहेदिरो', योरॉनमध्ये 'तोतुगानाशी'. ओकिनोएराबू ओकिनावाशी जुळतं आणि मध्ये बसलेलं योरॉन दोघांनाही सोडून तिसरंच काहीतरी म्हणतं. एका शब्दावरून गट पडत नाहीत, पण नकाशावर सलग रंग भरणाऱ्याने हे डोळ्यापुढे ठेवावं.

उरतो वंशाचा प्रश्न, आणि तिथे मी थोडा कडक आहे. दक्षिणेकडे हे काम नीट झालंय. थॉमा पेलार यांच्यासारख्या अभ्यासकांनी मियाको एकीकडे आणि याएयामा-योनागुनी एकत्र एकीकडे अशी फांदी नव्या बदलांवर उभी केलीय, म्हणजे योनागुनी ऐकायला कितीही निराळी वाटली तरी वंशाने याएयामाच्या घरातली. इगाराशी योसुके यांनी तर फक्त नवे बदल मोजून अख्ख्या कुटुंबाची फेरमांडणी करून बघितली आणि त्यात रियुक्यूची फांदी दक्षिण क्यूशूच्या (जपानच्या मुख्य बेटांपैकी दक्षिणेकडचं, कागोशिमा याच बेटावर) बोलींजवळ जाऊन बसते. हे पटण्यासारखं आहे, कारण पुरातत्त्वाचा पुरावाही सांगतो की साधारण दहाव्या-बाराव्या शतकाच्या सुमारास क्यूशूकडून शेती करणारी माणसं या बेटांवर उतरली. पण उत्तरेकडे 'कुनिगामी' नावाची एकच आई होती आणि तिची ओकिनोएराबू, योरॉन, नाकिजिन ही लेकरं, हे दाखवायला वर सांगितलेले तीन पुरावे पुरत नाहीत. तिथे बेटं एकमेकांना दिसतात, फांद्या फुटल्यावरही बोलणं थांबलेलंच नाही, त्यामुळे झाडाचं चित्र तिथे काम करत नाही, पाण्यात दोन-तीन दगड टाकल्यावर लाटा एकमेकांत जातात तसं काहीसं आहे.

हे सोडवायचं असेल तर सहज न होणारे बदल शोधायला हवेत, म्हणजे एखाद्याच शब्दात नियम मोडून झालेला उच्चार, क्रियापदाचं एखादं विचित्र रूप, 'वाता'सारखा सरकलेला अर्थ, आणि तो फक्त याच तीन ठिकाणी सापडला पाहिजे, ओशिमात नाही आणि शुरीतही नाही. असे दहा-बारा सापडले तर मी आनंदाने कुनिगामी मान्य करीन. तोवर मला कोणी या बेटाची नोंद करायला सांगितली तर मी अशी करीन: नाव युन्नु फुतुबा, वंश उत्तर रियुक्यू, त्याच्या खालची फांदी कोरी, शेजार ओकिनोएराबू आणि यानबारू दोन्हींशी, प्रांत कागोशिमा १६०९ च्या कारणाने, आणि बोलीचा दिवस १८ फेब्रुवारी.